बायको बी निगेटिव्ह, मी ओ पॉझिटिव्ह. बाळाला धोका आहे का?

पाचवा महिना, पहिलंच बाळंतपण आणि नाशिकहून सुरगाण्याला माहेरी जाणार, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका, पहिल्या खेपेला बहुतेक वेळा बाळाला काही होत नाही. आधी कधी गर्भपात झाला असेल तर मात्र डॉक्टरांना नक्की सांगा, तोही आधीची खेप म्हणून धरला जातो.

बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीत त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. या अँटिबॉडी पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. मग रक्तक्षय, कडक कावीळ, कधी पोटातच बाळाच्या अंगावर सूज.

आत्ता इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट करून घ्या, म्हणजे आईच्या रक्तात अशा अँटिबॉडी आधीच आहेत का ते कळेल. निगेटिव्ह आली तर २८व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन (ते या अँटिबॉडी बनू देत नाही), आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा एक.

माझी खरी काळजी या दुसऱ्या इंजेक्शनची आहे. जिथे बाळंतपण होणार तिथे ते मिळेल का, हे आठव्या महिन्यातच विचारा. नसेल तर नाशिकहून घ्यावं लागेल. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून आइस पॅकच्या डब्यातूनच न्या, पण गोठू देऊ नका. फाइलच्या पहिल्या पानावर ‘आरएच निगेटिव्ह’ (म्हणजे आईचा रक्तगट निगेटिव्ह) ठळक लिहून ठेवा आणि नाळेच्या रक्तातून बाळाचा गट तपासायला आठवणीने सांगा.

मध्येच रक्तस्राव झाला किंवा पोटाला मार लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, तेव्हाही अँटी-डी लागू शकतं.