आधी ब्रीफ नीट वाच

तुझा मेल मिळाला. जाहिरात एजन्सीत कॉपी ट्रेनीची, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहायला शिकणाऱ्याची, ऑफर हातात आहे आणि तरी झोप उडालीय, कारण जो भेटतो तो सांगतोय की आता कॉपी एआय लिहिणार, एजन्सीज बंद पडणार, मग कशाला त्या फंदात पडायचं. माझं सरळ मत सांगते, जा. फक्त तिथे जाऊन काय शिकायचं ते आधी डोक्यात पक्कं कर, कारण शिकायची पद्धत बदललीय.

भीती सगळीच खोटी नाहीये. एकाच जाहिरातीचे पंधरा साइजमधले अ‍ॅडाप्ट्स, प्रॉडक्ट डिस्क्रिप्शन, सोशलच्या कॅप्शन्स, ही कामं आधी ट्रेनींच्या गळ्यात पडायची आणि ते ती करता करताच शिकायचे. नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं आणि यातलं बरंचसं काम मिनिटांवर आलं, आता तर क्लायंटच स्वतः ड्राफ्ट करून पाठवतात की हे जरा पॉलिश करून द्या. म्हणजे जी कंटाळवाणी कामं करून हात बसायचा ती तुझ्या वाट्याला कमी येणार, आणि हात बसवायचं काम तुला स्वतःहून करावं लागणार. त्यासाठी एक सवय लाव, टूल उघडायच्या आधी कागदावर वीस-तीस लाइनी स्वतः लिहायच्या. सुरुवातीच्या आठ-दहा सगळ्यांना सुचतात त्याच असतात, मशीन नेमक्या त्याच लाइनी फार गुळगुळीत करून देतं, आणि आपण त्या आधीच लिहून फेकलेल्या असल्या की लगेच ओळखू येतात. त्यानंतर खुशाल वापर एआय, रिसर्चला, मूडबोर्डला, स्टोरीबोर्डला, मीही वापरते.

पण मला खरं बोलायचंय ते ब्रीफबद्दल. ब्रीफ म्हणजे जाहिरातीतून काय हवंय ते सांगणारा क्लायंटचा कागद, नवीन मुलं तो आला की लगेच हेडलाइनला भिडतात. ब्रीफमध्ये मुळात दोन-तीनच गोष्टी लागतात, कोणाशी बोलायचंय, काय सांगायचंय, आणि समोरच्याने त्यावर विश्वास का ठेवावा. बाकी चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन हा बऱ्याचदा या प्रश्नांची उत्तरं न मिळाल्याचा पुरावा असतो. समज तुला ब्रीफ आला की आमचं पेमेंट अ‍ॅप तरुणांसाठी आहे, सोपं आहे, विश्वासार्ह आहे. यातून काय निघणार? हसणारी चार मुलं आणि हातात फोन. त्यापेक्षा सर्व्हिसिंगला, म्हणजे एजन्सीतल्या क्लायंट सांभाळणाऱ्या टीमला, विचार की ज्यांनी अ‍ॅप डाउनलोड केलं आणि वापरलंच नाही ते का वापरत नाहीत, कस्टमर केअरचे कॉल ऐकायला मिळतील का. मग कदाचित कळेल की लोक पैसे भलत्याच माणसाला जातील म्हणून घाबरतात, बटण दाबायच्या आधी नाव तीन-तीनदा वाचतात. आता तुझ्याकडे जाहिरात आहे, त्या एका सेकंदाची. मशीनला ती सुचली नसती कारण त्या ब्रीफमध्ये ती गोष्ट नव्हतीच, कोणीतरी जाऊन विचारायला हवं होतं.

हे काही मी शोधलेलं नाही. 1968 च्या सुमारास लंडनमध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन एजन्सीचे स्टीफन किंग आणि बीएमपी एजन्सीचे स्टॅन्ली पॉलिट यांनी आपापल्या एजन्सीत अकाउंट प्लॅनिंग सुरू केलं ते यासाठीच, की जाहिरात बनवणाऱ्यांच्या खोलीत ग्राहकाच्या बाजूने बोलणारं कोणीतरी हवं. तुझ्या एजन्सीत प्लॅनर असेल तर त्याच्या मागे लाग, नसेल तर ते काम तुलाच करायचंय असं समज.

कुठल्या एजन्सीत जाऊ हेही तू विचारलंयस, मोठं नाव की छोटी. नावाकडे फार बघू नकोस. 1864 पासून चालत आलेली जे. वॉल्टर थॉम्पसन 2018 मध्ये वंडरमन या दुसऱ्या एजन्सीत विलीन झाली. ओम्निकॉम या एजन्सीजच्या मोठ्या समूहाने नोव्हेंबर 2025 मध्ये इंटरपब्लिक हा दुसरा समूह ताब्यात घेतला आणि लगेच स्वतःच्याच डीडीबी या एजन्सीचं नाव बंद करायचं जाहीर केलं. आणि डीडीबी म्हणजे कोण, तर 1949 मध्ये सुरू झालेली ती एजन्सी जिथे बिल बर्नबाखने कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टरला एकत्र बसवलं, त्याआधी बऱ्याच ठिकाणी कॉपी टाइप होऊन आर्टवाल्यांकडे फक्त मांडणीसाठी जायची. 1959 ची फोक्सवॅगनची ती जाहिरात बघ, पांढऱ्या पानावर एका कोपऱ्यात एवढीशी गाडी, तिथे शब्द आणि जागा वेगळे काढताच येत नाहीत. पाटी गेली पण जोडीने बसायची पद्धत जगभर राहिली. म्हणून इंटरव्ह्यूमध्ये तू त्यांना विचार की माझा आर्ट पार्टनर कोण असेल आणि माझी कॉपी रिव्ह्यू कोण करणार, आणि जमलं तर त्या माणसाला भेटूनच ये. चांगला सीनियर मिळाला तर पगार थोडा कमी असला तरी घे, पण फुकट इंटर्नशिप मात्र अजिबात नको.

डॅशबोर्डची सवय होईलच. क्लिक किती, कोणत्या सेकंदाला लोक रील सोडून गेले, जाहिरातीच्या दोन आवृत्त्यांपैकी ए चाललं की बी, हे रोज बघावं लागतं आणि ते वाईट नाही, अ‍ॅपलने 2021 मध्ये ट्रॅकिंगला परवानगी विचारणं सक्तीचं केल्यापासून तर माणसाचा माग काढणं अवघड झालंय आणि बराच भार जाहिरातीवरच आलाय. पण आजचा क्लिक म्हणजेच सगळं काम असं कोणी म्हटलं तर जाहिरातींच्या परिणामाचा अभ्यास करणारे लेस बिने आणि पीटर फील्ड यांचं 2013 चं काम त्यांच्यापुढे ठेव, त्यांनी साधारण 60 टक्के बजेट ब्रँडवर आणि 40 टक्के ताबडतोब विक्रीवर असा तोल सुचवला होता. सरासरीच आहे ती, प्रत्येक ब्रँडला जशीच्या तशी लागू होत नाही, पण वाद घालायला चांगली जागा आहे.

क्लायंट लोगो मोठा करा म्हणाला की चिडू नकोस, त्याला बहुतेक ही भीती असते की बघणाऱ्याला ही आपली जाहिरात आहे हे कळणारच नाही, आणि कधी कधी ते बरोबरही असतं. सर्व्हिसिंगशी भांडू नको, वाईट बातमी आणणं हे त्यांचं काम आहे आणि ते करायला हिंमत लागते. पिचच्या, म्हणजे नवं काम मिळवायच्या सादरीकरणाच्या, वेळी रात्री जागाव्या लागतील, ठीक आहे, पण दर आठवड्यालाच जागरण असेल तर तिथे ज्याने नाही म्हणायला हवं तो म्हणत नाहीये, आणि याचा तुझ्या मेहनतीशी काही संबंध नाही हे नीट लक्षात ठेव.

अवॉर्ड्सचं वेड लागेल, लागू दे, पण कधीच न चाललेली जाहिरात फक्त एंट्रीसाठी बनवायला सांगितली तर बाजूला हो. कान लायन्स या जाहिरातींच्या महोत्सवात 2025 ला एका एजन्सीला ग्रां प्री हे सर्वोच्च अवॉर्ड परत करावं लागलं कारण एंट्रीसोबतच्या केस फिल्ममधली दृश्यं एआयने बदललेली होती. तिथल्या ज्युनियर्सच्या पोर्टफोलिओचं काय झालं असेल याचा विचार येऊन मला खरंच वाईट वाटलं.

तुझा पोर्टफोलिओ बघितला, लाइनी चांगल्या आहेत पण ब्रीफ कुठेच दिसत नाही. त्यातले तीनच पीस ठेव, प्रत्येकाच्या वर चार ओळींत ब्रीफ लिही, आणि कुठे एआय वापरलंस तेही खाली स्पष्ट लिही, लपवू नको. जॉइन व्हायच्या आधी पाठवलंस तर मी शनिवारी बसून लाल पेनाने मार्क करून परत पाठवते.