कात तुकड्यातुकड्यांनी का निघते?

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्याकडे तीन वर्षांचा बॉल पायथन (अजगराची एक लहान जात) आहे. काचेची टाकी १२० × ६० × ६० सें.मी., वर जाळीचे झाकण, एका टोकाला उष्णतेचा दिवा. दिवसातून तीनदा फवारा मारूनही आर्द्रता ३५ टक्क्यांवर टिकत नाही. या वेळी कात तुकड्यांत निघाली, एका डोळ्यावर पापुद्रा राहिला. तो चिमट्याने काढावा का?

चिमटा नको. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एकच पारदर्शक खवला असतो आणि जुना ओढताना खालचा नवाही फाटतो. झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल घाला आणि सापाला त्यात अर्धा तास राहू द्या. डब्यातले तापमान २८ ते ३० अंश असावे. टॉवेलवर अंग घासत तो उरलेली कात बहुधा स्वतःच काढतो. शेपटीच्या टोकाकडे अडकलेले कातीचे कडे मात्र राहू देऊ नका. वाळल्यावर ते आवळते, रक्तपुरवठा तुटतो आणि टोक सडते. डोळ्यावरचा पापुद्रा पुढच्या कातीबरोबर निघू शकतो, पण ओलावा सुधारला तरच. दोन थर साचले तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे जा.

आता मूळ दुखणे. बाहेर शून्य अंशाला ८० टक्के दमट असलेली हवा घरात २२ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली येते. पाणी तेवढेच असते, हवेची धारणक्षमता वाढते. टाकीतही तेच घडते. थंड बाजूला २७ अंशांना ६० टक्के दिसणारी हवा गरम बाजूच्या ३२ अंशांना ४५ टक्केच दाखवेल. म्हणून आर्द्रतामापकाचा सेन्सर थंड बाजूला, तळाच्या भुश्यालगत ठेवा. काचेला चिकटवायचे काट्याचे मापक बेभरवशाचे, डिजिटल घ्या आणि तेही तपासा. बाटलीच्या बुचात मीठ, त्यात ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच थेंबभर पाणी, हे बूच व मापक बंद पिशवीत आठ-दहा तास. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवा.

फवाऱ्याने फक्त वरचा थर भिजतो आणि तासाभरात ती वाफ जाळीतून निघून जाते. बॉल पायथन पश्चिम व मध्य आफ्रिकेतला. तिथे तो दिवसा उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत पडून असतो. वरची जमीन कोरडी असली तरी बिळात ओल असते. टाकीतही ओल खालून यायला हवी. तळाशी आठ सें.मी. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, तुमच्या टाकीला सुमारे ५८ लिटर लागेल. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाण्याची धार लागू नये. नंतर वरून न शिंपता चारही कोपऱ्यांत पाव-पाव लिटर ओता. पाणी तळाशी पसरते, वरचा थर कोरडा राहतो. जाळीचा दोन तृतीयांश भाग ॲल्युमिनियम फॉइलने झाका, दिव्याजवळचा भाग मोकळा सोडा. थंड बाजूला ६० ते ७० टक्के टिकले की पुरे. डोळे निळसर झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली, की ओल्या स्फॅग्नम मॉसची (ओल धरून ठेवणाऱ्या शेवाळाची), लपता येईल अशी बंद डबी ठेवा.

प्रश्न : रत्नागिरीत कॉर्न स्नेक (अमेरिकेतला एक बिनविषारी साप) पाळला आहे. पावसाळ्यात मापक ९० दाखवते आणि पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग आलेत.

तुमचे संकट नेमके उलट. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के पुरतात. डाग सततच्या ओल्या तळाने होणाऱ्या खवले सडण्याच्या रोगाचे असू शकतात, तेव्हा आधी पशुवैद्याला दाखवा. तोवर भुसा काढून साधा कागद अंथरा आणि तो रोज बदला. पाण्याचे भांडे लहान करून गरम बाजूपासून दूर न्या, वायुवीजनाची भोके दोन समोरासमोरच्या बाजूंना पाडा. थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक राखणारे उपकरण) लावलेली गरम बाजू ३० अंशांवर ठेवली की तिथला तळ कोरडा राहतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे किंवा नाकाशी फेस दिसला तर वाट पाहू नका, फुप्फुसांचा संसर्ग असू शकतो.

प्रश्न : अंगणात सापडलेली धामण अशीच पाळता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार धामण संरक्षित आहे. वनखात्याला किंवा सर्पमित्राला कळवा.