बोट कुणाचं धरायचं?

प्रश्न : माझं एक बोट जेमतेम दीड सेंटिमीटर रुंद आहे, दिराचं दोनच्या आसपास. तरी सगळे बिनधास्त म्हणतात, चार बोटं सोड, वीतभर घे. याला काही अर्थ आहे का, की नुसता अंदाजपंचे कारभार?

उत्तर : ताई, ही शंका फार जुनी आहे हो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अंगुळ सांगताना मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी धरलीय, नाहीतर जवाचे 8 दाणे, आणि मग 12 अंगुळांची वीत, 24 चा हात. म्हणजे कुणाचंही बोट चालणार नाही हे त्यांनाही माहीत होतंच!

पण घोळ होतो तो दोन माणसांत देणंघेणं असलं की. तुम्हीच मोजणार आणि तुम्हीच कापणार असाल तर बोट दीडचं असो की दोनचं, काय फरक पडतो, फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते तुमचंच पाहिजे आणि बोटं जोडून मोजायला घेतली तर शेवटपर्यंत जोडूनच. एकदा पट्टी घेऊन आपली ताणलेली वीत, जोडलेली चार बोटं आणि तर्जनीचं वरचं पेर मोजा आणि आकडे मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. माझं मत विचाराल तर लांब अंतराला वीतच वापरा, कारण बोटापुढे बोट ठेवत गेलं की दर वेळी थोडं इकडेतिकडे होतं आणि ते सगळं साठत जातं.

प्रश्न : भाजल्यावर डॉक्टर हाताच्या पंजाने मोजतात आणि मलम पेराने. मुलाच्या बाबतीत कुणाचा हात धरायचा?

उत्तर : इथे बरेच जण कन्फ्युज होतात, कारण दोन्हीचं उत्तर उलट आहे. भाजलेली जागा मोजताना पेशंटचाच पंजा, बोटं जोडून, तो त्याच्या शरीराच्या साधारण 1 टक्का धरतात. मुलाला भाजलं तर मुलाचा हात, तुमचा मोठा पंजा धरला तर जखम आहे त्यापेक्षा लहान वाटेल. (हात जखमेला लावायचा नाही, वरून नुसता अंदाज घ्यायचा.)

मलमाचं वेगळं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे एक माप, ट्यूबचं तोंड 5 मिलिमीटरचं असेल तर जवळपास अर्धा ग्रॅम. मोठ्यांच्या दोन पंजांएवढ्या जागेला तेवढं पुरतं. मूल असलं तरी बोट मोठ्याचंच, फक्त अशी किती मापं ते वयाप्रमाणे डॉक्टर सांगतात.

प्रश्न : सूर्य आणि क्षितिजाच्या मध्ये चार बोटं मावली की सूर्यास्ताला एक तास राहिला असं वाचलं होतं. मी करून बघितलं तर अर्ध्या तासातच सूर्य गायब. बोटं जाड आहेत म्हणून का?

उत्तर : नाही हो, बोटांना दोष देऊ नका. हात सरळ ताणला की करंगळी साधारण 1 अंश झाकते, मधली तीन बोटं 5 आणि मूठ 10, आणि हे लहान मुलालाही जवळपास तसंच जमतं कारण त्याचं बोट बारीक तसा हातही आखूड. चंद्र तर अर्ध्याच अंशाचा, करंगळीआड आरामात लपतो.

आता हिशोब बघा, चार बोटं म्हणजे 7 अंशांच्या आसपास, आणि आकाशात सूर्य तासाला सरकतो जास्तीत जास्त 15 अंश. विषुववृत्ताच्या जवळपास तो जवळजवळ सरळ खाली उतरतो म्हणून अर्ध्या तासात खेळ खलास. 60 अक्षांशावर मात्र तिरका घसरत जातो, मार्च-सप्टेंबरमध्ये जेव्हा दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा तासाला साडेसात अंशच खाली येतो, तिथे चार बोटांचा एक तास बरोबर बसतो. म्हणजे तुम्ही वाचलेला नियम दूर उत्तरेकडचा असणार आणि लोक तो सगळीकडे फॉरवर्ड करत बसलेत. तुमच्याकडे अर्धा तास लागला ना, मग तोच आकडा धरून चाला, आणि मोजताना सूर्याकडे थेट बघू नका, त्याला वरच्या बोटाआड ठेवा.