जुन्या धनुष्याला दोरी कोणती?

प्रश्न : 1960च्या दशकातलं, 60 इंची, 45 पौंड ओढीचं अमेरिकी रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं) धनुष्य घेतलं. दोरी कुजली आहे. कोणती लावू? – एक वाचक, सिंदेवाही

उत्तर : डेक्रॉनचीच, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची. फास्ट फ्लाइटसारखी न ताणणारी दोरी जुन्या टोकांच्या खाचा फोडते. लांबी 56-57 इंच. दोरीला पीळ देऊन ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीचं अंतर) साडेसात-आठ इंचांवर आणा. त्याआधी पात्यांवरून, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडच्या लवचिक भागांवरून, कापूस फिरवा. धागा अडकला तिथं फायबरग्लास उचकटलेलं असू शकतं. तसं असेल तर धनुष्य भिंतीवरच बरं. दोरी चढवायला स्ट्रिंगर (दोन्ही टोकांना अडकवायची मदतीची दोरी) घ्या, पायात अडकवून वाकवलं की पातं पिळतं. बाणाशिवाय दोरी सोडू नका. उन्हाळ्यात टिनाखाली तर ठेवूच नका, जोड सुटतात. नेम तणसाच्या घट्ट पेंढीवर धरा. रानडुक्कर धानात शिरलं तरी परस्पर मारता येत नाही, 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.