‘आली’ आणि ‘ओळखून आली’

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतोय, शेवटचं वर्ष आहे. आमचा गवळ्याचा धंदा, गोठ्यात सहा म्हशी. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी सजवून गाडीमागं पळवतात, ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्या म्हशी माझ्या चुलतभावाच्या पुंगळी (सायलेन्सर) काढलेल्या गाडीचा आवाज बरोबर ओळखतात, दुसऱ्या गाडीला मानसुद्धा वर करत नाहीत. ह्यावरच शोधनिबंध लिहायचं ठरवलं. पहिला खर्डा वाचून गाईडबाई म्हणाल्या, “हा शोधनिबंध नाही, म्हशीचं कौतुक आहे.” दोन पानं सोबत जोडली आहेत. विषय बदलू का?
— एक विद्यार्थी, शनिवार पेठ

उत्तर : विषय बदललास तर माझ्याशी गाठ आहे. (अरेतुरे करतेय, राग मानू नकोस. तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईची जीभ आता वळायची नाही.) मी स्वतः दरवर्षी पाडव्याला पंचगंगा घाटाकडं जाऊन उभी राहते. रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरं, पंढरपुरी म्हशीची ती खांद्याच्याही मागं गेलेली तलवारीसारखी शिंगं, पुढं फटफटणारी गाडी आणि तिच्यामागं उधळल्यासारखी, पण अजिबात न उधळलेली म्हैस. ज्याच्यासाठी परगावचा संशोधक महिनाभर लॉजवर राहील, ते तुझ्या दावणीला बांधलंय.

पण तुझ्या गाईडबाईंचं बरोबर आहे. तुझ्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे : “लक्ष्मी आवाज ओळखून आनंदानं धावत आली.” ह्यातलं तू डोळ्यांनी काय पाहिलंस? ‘धावत आली’ एवढंच. ‘ओळखून’ हा तुझा निष्कर्ष आहे, आणि तो सिद्ध करायलाच तर निबंध लिहायचाय. ‘आनंदानं’ ही तुझी माया. ती गोठ्यात राहू दे.

मीही ह्यातूनच गेलेय. माझ्या प्रबंधासाठी मी चरणाऱ्या म्हशींबरोबरच्या गायबगळ्यांच्या नोंदी घेत होते. वहीभर लिहिलं, ‘बगळा सावध’, ‘बगळा सावध’. एक दिवस मैत्रीण शेजारी बसली, तिनं त्याच बगळ्यांपुढं लिहिलं, ‘निवांत’. दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं, माझी चाळीस पानं म्हणजे माझा मूड होता. मग व्याख्या केली : मान सरळ वर, पाय स्थिर, तीन सेकंदांपेक्षा जास्त. एवढं असेल तरच ‘सावध’. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. त्या उन्हाळ्यात मी घरी कुणाशी धड बोलत नव्हते म्हणे.

तेव्हा आधी तुझ्या म्हशींच्या हालचालींची यादी कर. कान आवाजाकडं वळला. मान वर केली. रवंथ थांबवलं. उठून उभी राहिली. पहिलं पाऊल टाकलं. आवाज सुरू झाल्यापासून पहिल्या पावलापर्यंत किती सेकंद, गाडीमागं किती मीटर गेली. ह्यातल्या कशालाच ‘ओळख’ म्हणायचं नाही.

आता मुख्य गोम. तुझा चुलतभाऊ गाडी घेऊन येतो तेव्हा एकटा आवाज येत नाही. माणूस येतो, त्याचा वास येतो, वेळ ठरलेली असते, आणि मागोमाग पेंड येते. बादली खणकली तरी म्हैस पान्हवते, हे तुझ्या आजीला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. मग म्हैस नक्की कशाला उत्तर देतेय? आवाजाला, माणसाला, का पेंडीला?

बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. गणित घातलं की खूर आपटून उत्तर द्यायचा. मालक फॉन ओस्टेन लबाड नव्हता, त्याचा खरंच विश्वास होता. पण मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टनं १९०७ साली दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, घोडा ते पाहून थांबायचा. घोड्याला गणित येत नव्हतं, माणूस मात्र पक्का वाचता येत होता. मला तर ते गणितापेक्षा अवघड वाटतं.

तुझा भाऊसुद्धा गाडीवर पुढं झुकत असेल, तोंडानं काहीतरी आवाज काढत असेल. त्याला विचारलंस तर शपथेवर नाही म्हणेल. म्हणून अदलाबदल कर. त्याची गाडी आणि तो. त्याची गाडी आणि परका. परक्याची गाडी आणि तो. परक्याची गाडी आणि परका. दोन्ही गाड्या शक्यतो एकाच मेकच्या घे, नाहीतर फरक आवाजाचा की गाडीच्या आकाराचा, हा नवा घोळ. दोघांनी हेल्मेट घालायचं, तोंड बंद ठेवायचं. कोल्हापुरात हेल्मेट घातलेला माणूस बघून म्हैसच बुजेल, हे मान्य. तर आधी आठवडाभर हेल्मेटवाल्यांना गोठ्यात नुसतं हिंडू दे, म्हशी सरावतील. कोणता प्रयोग कधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरव. धारेची आणि वैरणीची वेळ सोडून दे, आणि प्रयोगानंतर लगेच पेंड द्यायची नाही, कुणालाच नाही. हे सगळं माळावर कर. भर रस्त्यात पुंगळी काढलेली गाडी फिरवलीस तर निबंधाआधी दंडाची पावती हातात पडेल. गाभण म्हैस वगळ, आणि सुरू करायच्या आधी कॉलेजच्या प्राणी-नीती समितीला लेखी विचार. म्हशी घरच्या असल्या तरी.

मोबाइलवर व्हिडिओ काढ, पण चौकटीत फक्त म्हैस येऊ दे. मग गाडीचा आवाज सुरू होतो तिथून व्हिडिओ काप, आणि आवाज बंद करून तो अशा मित्राला दे, ज्याला कोणती गाडी होती हे माहीत नाही. सेकंद त्यानं मोजायचे. तू मोजलेस तर लक्ष्मीला दोन सेकंदांची सूट मिळणार, मला खात्री आहे.

एका अशाच नेमक्या कामाचं उदाहरण जवळचंच आहे. पुण्याच्या मिलिंद वाटवे यांनी सहकाऱ्यांबरोबर वेड्या राघूवर केलेलं काम २००२ साली प्रसिद्ध झालं. माणूस घरट्याचं तोंड दिसेल अशा जागी उभा असला की पक्षी आत शिरायला कचरतो. माणूस तिथंच आसपास, पक्ष्याला दिसतोय, पण त्याला घरटं दिसत नाही अशा जागी असला, तर पक्षी बिनधास्त जातो. बदललं काय? माणसाला काय दिसतं, एवढंच. ‘वेडा’ म्हणायची सोय राहिली नाही, आणि त्यासाठी महागडं यंत्रही लागलं नाही. तुझ्याही प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे.

आकडेमोडीत एक खड्डा आहे, त्यात दरवर्षी कुणीतरी पडतं. सहा म्हशी, चार जोड्या, प्रत्येक पाच वेळा, म्हणजे एकशेवीस नोंदी. म्हणून नमुना एकशेवीसचा होत नाही. नमुना सहाचाच. लक्ष्मीला वीसदा विचारलंस तरी ती एकच म्हैस. हर्लबर्ट नावाच्या पर्यावरणशास्त्रज्ञानं १९८४ साली ह्या चुकीवर मोठा लेख लिहिला, तरी अजून चालूच आहे. शेजारच्या दोन-तीन गोठ्यांतल्या म्हशी मिळाल्या तर बघ. त्यांच्या मालकांच्या गाड्या वेगळ्या, म्हणजे प्रयोगाला आणखी जोर येईल. नाही मिळाल्या तर शीर्षकातच ‘सहा म्हशी’ लिही. लाज वाटायचं कारण नाही.

लिहिताना प्रस्तावनेपासून सुरुवात करू नकोस. “प्राचीन काळापासून मानव आणि प्राणी यांचे अतूट नाते” हे वाक्य मी इतक्या वेळा तपासलंय की आता झोपेतही लाल रेघ मारीन. आधी पद्धत लिही, आणि ती इंग्रजीत करण्याआधी चुलतभावाला वाचून दाखव. ऐकून त्याला तोच प्रयोग दुसऱ्या गोठ्यात करता आला तर पद्धत पूर्ण झाली. मग निकाल, मग चर्चा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

आणि निकाल उलटा लागला तर? भाऊ कुठल्याही गाडीवर आला तरी म्हशी येतात, त्याच्या गाडीवर परका आला तर येत नाहीत, असं निघालं तर पुंगळीचा काही संबंधच नव्हता. भाऊ खूश होईल, त्याची गाडी नाही होणार. तेही तसंच छापायचं.

प्रश्न : बाई, मी पदवीच्या प्रकल्पासाठी रंकाळ्यावरच्या वारकरी पक्ष्यांची भांडणं नोंदवतेय. ४० दिवसांपैकी ११ दिवस काहीच घडलं नाही. ते गाळले तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, फुलेवाडी

उत्तर : नाही चालणार. आणि ‘काहीच घडलं नाही’ म्हणजे काय? पक्षी पोहत होते, पिसं साफ करत होते, डुलक्या काढत होते ना? भांडण झालं की तुझं लक्ष गेलं, म्हणून वहीत भांडणंच भरली. माकडांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या जीन आल्टमननं १९७४ साली नेमकं ह्यावरच बोट ठेवलं होतं : जे डोळ्यात भरतं तेवढंच लिहिलं की प्राणी आहे त्याहून भांडखोर दिसतो. दर दहा मिनिटांनी डावीकडून उजवीकडं नजर फिरव, आणि प्रत्येक पक्षी त्या क्षणी काय करतोय ते लिही. जुन्या नोंदी वेगळ्या ठेव, मिसळू नकोस.

ते अकरा दिवस तक्त्यात शून्य म्हणून जातील. पण त्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढ आणि त्या अकरांतले रविवार किती ते मोज. रविवारी काठावर भेळेच्या गाड्यांपाशी किती गर्दी असते, ते तुला मी सांगायला नको.