वाचक विचारतात : पांढरा धूर, राख आणि दीड किलोचा गॅस

प्रश्न : आमच्या गावाजवळ कोळशावरचं वीज केंद्र आहे. डमरूसारख्या टॉवरमधून दिवसभर पांढरा धूर निघतो, पण गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की त्यावर राख बसते ती काळपट. कोणी म्हणतं एफजीडी बसवलं की सगळं थांबेल, कोणी म्हणतं ते रद्दच झालं. आणि मुलगा विचारतो की एक किलो कोळशातून दीड किलो गॅस कसा काय निघतो?
– एक गृहिणी, विदर्भ

उत्तर : ताई, तो पांढरा धूर म्हणजे धूर नाहीच, पाणी थंड करताना निघणारी वाफ आहे. बघायचं ते बाजूच्या उंच बारीक चिमणीकडे, आणि तिच्यातून फारसं काही दिसत नाही हाच तर घोळ आहे.

आपल्याकडच्या कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राख असते. कोळसा पिठासारखा दळून बॉयलरमध्ये फुंकतात, त्यामुळे बहुतेक राख गरम हवेबरोबर उडते आणि ती ईएसपी नावाचं यंत्र विजेच्या चार्जने पत्र्यांवर ओढून घेतं, नीट चाललं तर 99 टक्क्यांवर अडकते. मग तुमच्या कुरडयांवर कुठून येते? मला ऐन उन्हाळ्यात जास्त संशय पकडलेली राख साठवतात त्या राखेच्या तलावाचा आणि नीट न झाकलेल्या ट्रकचा येतो, तलाव कोरडा पडला की वारा सुटल्यावर भुकटी उडणारच. तिथे पाणी मारत राहणं आणि राख ओली करून झाकून नेणं एवढं साधं काम आहे. तारीख-वेळ टाकून फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या, तोंडी नको.

एफजीडी राखेसाठी नसतंच. ते चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारून सल्फर डायऑक्साइड पकडतं, त्यातून जिप्सम तयार होतं. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने हा गॅस कमी करायचा नियम केला, दोन वर्षांत पाळायचा होता, मग मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि जुलै 2025 मध्ये जवळपास 78 टक्के युनिट्सना (म्हणजे केंद्रांतल्या वीज बनवणाऱ्या संचांना) सूटच दिली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून 10 किलोमीटरच्या आत जी आहेत त्यांना मात्र 2027 अखेरची मुदत आहे, म्हणजे रद्द झालं हेही अर्धवटच खरं. सूट देताना कारण सांगतात की आपल्या कोळशात सल्फर कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. कबूल, पण जळतो किती ते पण बघा ना! शिवाय हाच गॅस हवेत गेल्यावर सल्फेटचे बारीक कण बनतात, तेच पीएम 2.5, आणि ते शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे मला ही सूट पटलेली नाही.

आता मुलाचा प्रश्न, भारी आहे. जळताना कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, 12 ग्रॅम कार्बनचे 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतात, वाढलेलं वजन हवेचं. सगळा कोळसा काही कार्बन नसतो, राखही असते, म्हणून किलोमागे दीड किलोच्या आसपास. हा गॅस ईएसपी पण पकडत नाही आणि एफजीडी पण नाही, उलट चुनखडीतून थोडा अजून निघतो. म्हणजे चिमणी चकाचक झाली तरी कार्बन तसाच. विजेच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा. कोराडीच्या 660 मेगावॅटच्या सुपरक्रिटिकल (म्हणजे जास्त दाब-तापमानावर चालणाऱ्या) संचांना जुन्यांपेक्षा कमी कोळसा लागतो, पण कमीच, शून्य नाही. कोळसा कमी जाळला तरच कार्बन कमी होणार, म्हणून दिवसा शेतीपंप सोलरवर चालवायचे, छतावर पॅनेल लावायचे (3 किलोवॅटला केंद्राचं 78 हजारापर्यंत अनुदान आहे). संध्याकाळी ऊन गेल्यावर परत कोळसाच लागतो ही खरी अडचण. त्यासाठी दुपारची वीज साठवावी लागते, घाटघरला 250 मेगावॅटचं केंद्र आहे तिथे पाणी वर चढवून ठेवतात आणि गरजेला खाली सोडतात, तशी अजून बरीच लागतील.

प्रश्न : थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर चालेल का? धूर तर होत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नको. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. अंगणात शेका, आत येताना विझवून या.