आढ्यता आणि तुच्छता

प्रश्न असा आहे: ‘तो आढ्यतेने बोलला’ आणि ‘तो तुच्छतेने बोलला’ यांत काही फरक आहे, की कुठलाही शब्द चालेल?

फरक आहे, आणि तो जपायला हवा. आढ्यतेत माणसाची नजर स्वतःच्या मोठेपणावर असते, तुच्छतेत समोरच्याच्या कमीपणावर. ‘हे काम माझ्यासारख्याने करायचं?’ ही आढ्यता. ‘हे तुला काय जमणार!’ ही तुच्छता.

आढ्य म्हणजे मुळात श्रीमंत. ‘धनाढ्य’मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. गीतेच्या १६व्या अध्यायात आसुरी वृत्तीचा माणूस म्हणतो, ‘आढ्योऽभिजनवानस्मि कोऽन्योऽस्ति सदृशो मया’. मी श्रीमंत, मी कुलीन, माझ्या तोडीचा आहेच कोण! मराठीने यातली श्रीमंती सोडून दिली आणि हा सूर तेवढा उचलला. त्यामुळे खिशात दमडी नसलेला माणूसही आढ्यताखोर असू शकतो. तुच्छ म्हणजे मुळात पोकळ, रिकामं. एखाद्याला तुच्छ लेखणं म्हणजे त्याला हिशेबातच न धरणं.

ताठा, तोरा, माज, गुर्मी, घमेंड, मिजास हे सगळे आढ्यतेच्या घरचे. हेटाळणी, अवहेलना, उपेक्षा, तिरस्कार दुसऱ्या घरचे. कोण कुठला हे ओळखायला ‘-ची’ किंवा ‘-चा’ लावून पाहावं. ‘सुनेचा तोरा’ म्हटलं की तोरा सुनेच्या अंगात. ‘सुनेची हेटाळणी’ म्हटलं की ती बिचारी सोसणारी, करणारं दुसरंच कुणीतरी. मला ही मराठीतली फार सुंदर सोय वाटते. क्रियापदंही वेगळी: माज चढतो आणि उतरतो, घमेंड जिरते, तोरा मिरवला जातो, हेटाळणी मात्र कुणाची तरी करावी लागते.

तिरस्काराबद्दल थोडं सांभाळून. संस्कृतात त्यात दूर सारण्याचा, अवमानाचा भाव आहे. मराठीत तो द्वेषाच्या फार जवळ गेला आहे. ज्याला आपण तुच्छ मानतो त्याचा राग येतोच असं नाही, म्हणून ‘तुच्छते’च्या जागी ‘तिरस्कार’ डोळे झाकून घालू नये.

‘शिष्ट’ची गंमत निराळी. शिष्टाचार, शिष्टमंडळ यांत तो सभ्य, मानाचा. पण ‘ती जरा शिष्टच आहे’ म्हटलं की ती कुणात मिसळत नाही, स्वतःला वेगळी समजते, ही तक्रार झाली. तेव्हा कुणाच्या सभ्यपणाचं कौतुक करायचं असेल तर नुसतं ‘शिष्ट’ लिहू नका, ‘सुसंस्कृत’ लिहा.